बिघाड सापडत नाही

एल्स्पेथ गेडिसनं प्लग खुपसला, टीव्हीकडे पाहिलं आणि हातातला चहाचा मग खाली ठेवला.

पडदा आधी काळा झाला, मग पांढरा. तळाशी एक ओळ उमटली. 'कर्लू ४८. तयार आहे.'

हे व्हायला नको होतं.

"काय गं, काय झालं?" शेजारच्या टेबलावरून फर्गस मॅथर्सनं विचारलं. तो कुणाच्या तरी टोस्टरमधून जळका पाव उकरून काढत होता.

"बिघाड सापडत नाहीये."

"मग तोंड का पाडलंस? लोकांना बिघाड सापडला की वाईट वाटतं."

"अरे, हा कॉम्प्युटर चौतीस वर्षांपूर्वी मेला. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. आणि मी अजून त्यातला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. कपाटात पडल्या पडल्या मेलेलं यंत्र बरं होतं का कधी?"

फर्गसनं टोस्टर बाजूला ठेवला. हा प्रश्न त्यालाही आवडलेला दिसला.

स्कॉटलंडमधल्या डंडीतल्या त्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी लोक मोडक्या वस्तू घेऊन यायचे आणि ही दोघं त्या जमेल तशा दुरुस्त करून द्यायची. एल्स्पेथ तीस वर्षं पोलिसांत होती, सार्जंट म्हणून निवृत्त झाली. पण त्याच्याही आधी, विशीत, तिनं याच गावातल्या कारखान्यात हेच कर्लू जोडले होते. गावातल्या अर्ध्या बायकांनी जोडले होते. त्यामुळे काळ्या डब्यातला तो छोटा कॉम्प्युटर टेबलावर आला की तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

सकाळी तो घेऊन आली होती एफी लोरिमर. त्र्याऐंशी वर्षांची, काठी टेकत आलेली, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं हे गाठोडं.

"माझ्या गॅव्हिनचा आहे," ती म्हणाली होती. "अठरा वर्षांचा होता. त्याच्या बापाला हे खूळ आवडायचं नाही. एकदा भांडण झालं आणि डॉडनं चालू कॉम्प्युटरच्या मागून ते जादा मेमरीचं जोडखोकं उपटलं. पडद्यावर नुसते पट्टे आले. गॅव्हिन तसाच घराबाहेर पडला, शर्टावर. फेब्रुवारी होता."

"मग?"

"मग नदीकाठी, ब्रॉटी फेरीच्या खडकांवर त्याचा कोट मिळाला. पोरगा मिळाला नाही. नदीनं नेला म्हणाले."

एल्स्पेथनं टॉवेलाची गाठ सोडली होती. अशा वेळी बोलायचं नसतं, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं.

"मी तिथंच उभी होते गं," एफी म्हणाली. "डॉडला 'नको' म्हणाले नाही. एक शब्द नाही. आता पुढच्या आठवड्यात मी आणि माझी बहीण वृद्धाश्रमात जातोय. त्याआधी बापानं मोडलेलं एकदा जोडलेलं बघायचंय. जमेल?"

"जमेल," एल्स्पेथ म्हणाली होती. "चालू यंत्रातून खोकं उपटलं की मेमरीची एखादी चिप जळते. ती बदलू."

जुनी मशीन आधी उघडायची, मगच वीज द्यायची. तिनं तसंच केलं. पाच स्क्रू काढले, कीबोर्डच्या ठिसूळ पट्ट्या हलक्या हातानं सोडवल्या, बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला नेलपॉलिशचा एक जांभळा ठिपका दिसला आणि ती चक्क हसली. हा नेटी डफचा ठिपका.

कारखान्यात सोल्डर करून तपासलेल्या जोडावर रंगाचा ठिपका द्यायची पद्धत होती. कंपनीचा रंग कायम संपलेला असायचा, म्हणून तपासनीस बायका आपापलं नेलपॉलिश वापरायच्या. नेटीचं जांभळं. नेटीच्या ठिपक्याशिवाय बोर्ड पुढे जायचा नाही, आणि ती ठिपका देत नसेल तर तुमचं काही खरं नसायचं. एल्स्पेथ तिच्याच हाताखाली शिकली होती. ही नेटी म्हणजे एफीची धाकटी बहीण.

मग एल्स्पेथनं विजेची मापं घेतली. ती बरोबर निघाली. आणि मग प्लग खुपसला.

आता तिनं तो पुन्हा काढला आणि दिवा खाली ओढला.

मेमरीच्या आठ चिपा ओळीनं बसल्या होत्या. सातांवर एकाच कंपनीचा शिक्का होता. आठवी वेगळी. चिपेवर ती बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं. सातांवर त्र्याऐंशी.

आठवीवर अठ्ठ्याऐंशी.

"फर्गस," ती हळूच म्हणाली, "गॅव्हिन पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेला. तू त्याचा मित्र ना? त्यानंतर तू कधी हा उघडलास?"

"मी? त्या घरात डॉड असेपर्यंत माझी पायरी चढायची छाती नव्हती."

"आणि डॉड वारल्यावर?"

"एफी कुणाला कपाटाला हात लावू द्यायची नाही. धूळसुद्धा पुसायची नाही." त्यानं वाकून बोर्ड पाहिला. "आणि हे काम माझं नव्हेच. मी खाली सॉकेट लावल्याशिवाय चिप बसवत नाही. ही सरळ बोर्डाला सोल्डर केलीय. हात मात्र चांगला आहे हं. पण पाय बघ कसे वाकवलेत."

एल्स्पेथनं भिंग लावलं. बोर्ड उलटा करताना चिप पडू नये म्हणून तिचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले पाय जरा वाकवायचे असतात. कारखान्यात सगळ्याजणी तेच दोन कोपरे वाकवायच्या. नेटीची शिस्त होती. इथं उरलेले दोन वाकवले होते.

"उलटं," ती म्हणाली.

"उलटं," फर्गसनं मान डोलावली.

* * *

सोमवारी दुपारी एल्स्पेथ एफीच्या घरी गेली. समुद्राकडून धुकं आलं होतं आणि उंच इमारतीचे वरचे मजले त्यात बुडाले होते. दारावरची घंटा वाजली नाही, म्हणून तिनं कडी वाजवली.

"ती घंटा गॅव्हिननं केलेली," एफी दार उघडत म्हणाली. "गाणं वाजवायची. बंद पडली तरी मी काढली नाही."

"उघडून बघू का?"

"बघ की. तुझा धंदाच आहे आता."

घंटेच्या खोक्यात एका पट्टीवर बोटाएवढी चिप होती. एल्स्पेथनं पट्टी उलटी केली. दोन पाय वाकवलेले, उलटे कोपरे. तिनं झाकण बंद केलं.

"डावखुरा होता का तो?"

"तुला कसं कळलं? शाळेत किती बोलणी खाल्लीन त्यानं. ही विद्या नेटीनं शिकवली त्याला, या टेबलावर. ती उजव्या हातानं करायची, हा समोर बसून आरशातल्यासारखं. काय हसायचो आम्ही! नेटीला मूलबाळ नाही ना, तिचाही जीव होता त्याच्यावर."

नेटी स्वयंपाकघरातून चहा आणि मटणाचे गरम पॅटिस घेऊन आली. एकोणऐंशीची, पण पाठ ताठ आणि नखं अजून जांभळी.

"गेडिस!" ती म्हणाली. "तुझं सोल्डरिंग आठवतं मला. चिमणीच्या विष्ठेसारखे थेंब टाकायचीस."

"तुम्हीच मला दोनदा परत पाठवलं होतं, नेटीबाई."

"दोनदा? रोज पाठवायला हवं होतं. झालं का ते यंत्र?"

"होतंय. दोन-चार गोष्टी विचारायच्यात. त्या दिवशी गॅव्हिन शर्टावर गेला. मग खडकावर कोट कुठून आला?"

एफीनं उत्तर दिलं. "कोट मी नेटीकडे धाडला होता. म्हटलं, मावशीकडेच जाईल पोरगा."

"आला होता तुमच्याकडे?"

"आला," नेटी म्हणाली. "कोट घेतला आणि गेला. हे सगळं तेव्हाच सांगितलंय पोलिसांना. मी काय लपवते?"

"त्यानंतर त्या कॉम्प्युटरला हात लावलात कधी?"

"मी? नाही बाई. एफीनं लावू दिला असता तर ना."

"अठ्ठ्याऐंशी साली घरात कोण होतं?"

एफीनं कपाळाला आठ्या घातल्या. "तेव्हा तर मी हॉस्पिटलात. मन ढासळलं होतं माझं, पुरा हिवाळा तिथंच होते. डॉड दिवसभर दारूच्या अड्ड्यावर. चावी नेटीकडे. तिनंच घर सांभाळलं, नाहीतर माझं काय झालं असतं? आयुष्यभर तिनंच केलंय माझं. स्वतःची मजा म्हणजे काय, तर अ‍ॅबर्डीनला बिंगोच्या मैत्रिणींकडे वर्षातून दोन वेळा जायची. तेही पाच वर्षं झाली, बंद केलंन."

"गुडघे दुखतात," नेटी म्हणाली.

"जिने चढतेस की रोज!"

नेटीनं एफीच्या गोळ्यांची बाटली उचलली, झाकण घट्ट फिरवलं, आणि एप्रनच्या खिशातून छोटी बाटली काढून झाकणावर ठिपका दिला. जांभळा. मुरंब्याच्या बरणीवरही तसाच ठिपका होता.

"ही सवय काही जात नाही बघ," एफी कौतुकानं म्हणाली. "तपासलं की ठिपका. झोपेतसुद्धा देईल."

एल्स्पेथनं त्या ठिपक्याकडे पाहिलं. ती लवकरच निघाली.

घरी येऊन तिनं बोर्ड पुन्हा उलटा केला आणि भिंग डोळ्याला लावलं. शनिवारी पाहून हसली होती तो ठिपका कुठल्या जोडावर आहे, हे तिनं तेव्हा नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. मग खुर्चीत बसून ती बराच वेळ रडली. तीस वर्षांत तिनं बरेच गुन्हेगार पकडले होते. पण त्यांतल्या कुणी तिला काम शिकवलं नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी तिनं कर्लू टॉवेलात गुंडाळून एफीच्या टेबलावर ठेवला. जुना टीव्ही जोडला, पण प्लग बाहेरच राहू दिला. फर्गसलाही बोलावलं होतं. तो दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला.

"झाला?" एफीनं विचारलं.

"मिसेस लोरिमर, यात बिघाड नव्हताच. म्हणजे होता, पण कुणीतरी तो आधीच काढला होता."

"कुणी?"

"सांगते. जळलेल्या चिपेच्या जागी दुसरी बसवलीय. ती अठ्ठ्याऐंशी सालची आहे. म्हणजे तो गेल्यानंतर तीन वर्षांनी कुणीतरी हा डबा उघडला. डॉडला स्क्रू ड्रायव्हर कुठून धरायचा ते माहीत नव्हतं. फर्गसची पद्धत वेगळी. चिपेचे दोन पाय वाकवलेत, ते उलटे. गावात शेकडो बायका हे काम शिकल्या, सगळ्याजणी एकाच बाजूचे वाकवतात. उलटं करणारा मला एकच सापडला. त्यानं केलेली घंटा तुमच्या दारावर आहे."

एफीची काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"तो बुडाला नव्हता," एल्स्पेथ म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तो या घरात आला होता. तुम्ही हॉस्पिटलात होतात. आणि तो एकटा नव्हता. कारण नव्या चिपेच्या जोडावर, नव्या सोल्डरच्या वर, एक ठिपका आहे."

एफीनं सावकाश मान वळवली आणि टेबलावरच्या गोळ्यांच्या बाटलीकडे पाहिलं. मग बहिणीच्या नखांकडे.

"कारखान्यातला असेल," नेटी म्हणाली.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण तेव्हा ही चिप जन्मालाही आली नव्हती, नेटीबाई. त्यानं काम केलं, तुम्ही तपासलंत, आणि हात आपोआप बाटलीकडे गेला. वाईट काम असतं तर तुम्ही ठिपका दिलाच नसता."

नेटी खुर्चीत बसली. ताठ पाठ एकदम वाकली.

"फार सुंदर केलं होतं गं त्यानं," ती म्हणाली.

"नेटी," एफी म्हणाली. "कोट."

"मी ठेवला." नेटी टेबलाशीच बोलत होती. "त्या संध्याकाळी मी त्याला माझा लोकरीचा कोट घालून अ‍ॅबर्डीनच्या बसमध्ये बसवलं. तिथून तो तेलाच्या बोटीवर कामाला लागला. त्याचा कोट मी खडकावर टाकला. दोन दिवस, फक्त दोन दिवस त्या डॉडला घाबरवायचं होतं. म्हटलं, येईल ताळ्यावर. पण पोलीस आले, पाणबुडे आले, तू जमिनीवर लोळत होतीस. मग सांगायचं कसं? एकेक दिवस जाईल तसं अजूनच कठीण."

"आणि तो परत आला तेव्हा?" एफीनं विचारलं.

"तेव्हाच त्याला कळलं, तू त्याला मेला समजतेस. म्हणाला, आत्ता हॉस्पिटलात जातो. मी अडवलं. डॉक्टर म्हणालेत, धक्का बसला तर ती जाईल, असं सांगितलं. खरंच म्हणाले होते, एफी! मग तोच म्हणाला, हळूहळू कळू दे. बाबांनी मोडलं ते मी जोडून ठेवतो. आई घरी आली की कधीतरी चालू करील. बंद पडलेला कॉम्प्युटर चालू झालेला दिसला की तिला समजेल, मी येऊन गेलो. मग ती तुला विचारील, मावशी, आणि तू मला बोलाव."

एफीनं टॉवेलाची कड मुठीत धरली.

"त्यानं वाट पाहिली," एल्स्पेथ म्हणाली. "तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"सांगायला नको लावूस, पोरी."

"सांगा."

"सांगितलं, तिनं चालू केला. पाहिला. बंद केला आणि काहीच बोलली नाही." नेटी रडू लागली. "तो आला असता तर पहिला प्रश्न कोटाचा निघाला असता. तू मला उभी केली नसतीस दारात. आणि मग... मग तो माझ्याकडेच राहिला गं. वर्षातून दोन वेळा मी जायची. माझ्यासाठी चहा करायचा. मला कधी कुणी चहा करून दिला होता?"

"जायची," एफी म्हणाली. "आता का जात नाहीस?"

नेटीनं तोंड झाकून घेतलं. पाच वर्षं, गुडघे, बिंगो. एल्स्पेथला हे उत्तर कालपासून माहीत होतं आणि ते चुकीचं निघावं म्हणून तिनं मनातल्या मनात फार विनवण्या केल्या होत्या.

"हृदय बंद पडलं," नेटी म्हणाली. "बोटीवरच. मी पुरलं त्याला. समुद्र दिसतो तिथून."

फर्गस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"दगडावर काय लिहिलंस?" एफीनं विचारलं.

"नाव. आणि 'लाडका मुलगा'."

"कुणाचा?"

"ते नाही लिहिलं, एफी. ते मला लिहवेना."

एफी ओरडली नाही. ओरडली असती तर एल्स्पेथला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हात लांब करून गोळ्यांची बाटली आपल्याकडे ओढली आणि अंगठ्यानं त्यावरचा ठिपका खरवडायला लागली. तो निघेना.

"आश्रमात मी एकटी जाईन," ती म्हणाली. "तू तुझं बघ, नेटी. घरी जा आता."

"एफी, मी तुला चौतीस वर्षं..."

"माहीत आहे मला, किती वर्षं. जा."

नेटी उठली. एप्रन सोडून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकलं, आणि जाताना सवयीनं गॅसचं बटण बंद आहे ना हे हात लावून पाहिलं. फर्गस तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. पोलिसांत काय सांगायचं ते एल्स्पेथ नंतर ठरवणार होती. आत्ता तिला ते सुचेना.

एफी टॉवेलावरच्या काळ्या डब्याकडे पाहत होती.

"मी याला कधी बाहेरच काढलं नाही," ती म्हणाली. "मोडलेलं बघवायचं नाही म्हणून. देवासारखा जपला. म्हणजे मला फक्त हा प्लग लावायचा होता?"

एल्स्पेथनं तीस वर्षांत किती तरी दारांत उभं राहून वाईट बातम्या सांगितल्या होत्या. एवढं जड उत्तर तिला कधी द्यावं लागलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"दे इकडे."

म्हातारीच्या हातून प्लग दोनदा घसरला. एल्स्पेथनं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्यांदा तो बसला.

पडदा काळा झाला. मग पांढरा. खाली ओळ उमटली. 'तयार आहे.'

एफीनं पुढे सरकून त्या पांढऱ्या काचेवर तळवा टेकवला.

"आले रे," ती म्हणाली. "उशीर झाला मला."